डाव्या पायावरचा तीळ

आमच्या आत्याच्या मते देव माणसाचं नशीब कपाळावर लिहीत नाही. कपाळ सगळ्यांना दिसतं, आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी कोणी शहाणा महत्त्वाची गोष्ट ठेवत नाही. देव ते पायावर लिहितो, आणि तेही अक्षरांत नाही, ठिपक्यांत. ते ठिपके म्हणजे तीळ. ते वाचणारं माणूस आख्ख्या पंचक्रोशीत एकच, म्हणजे ती स्वतः.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आमचं गाव ताडकळसच्या बाजाराला गाडी जोडून जावं लागेल एवढ्या अंतरावरचं. घरी जमीन बरी होती, खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं घर. आत्याकडे कामं फारशी नव्हती आणि बुद्धी भरपूर होती. अशा माणसाला एखादं शास्त्र लागतंच.

तिच्या शास्त्रात पायाच्या प्रत्येक भागाची वाटणी झालेली होती, तलाठ्यानं गट पाडावेत तशी. टाचेवर तीळ म्हणजे प्रवास. घोट्यावर तीळ म्हणजे भावकीशी वाकडं. अंगठ्यावर असला तर माणूस हट्टी, करंगळीवर असला तर उशिरा मूल. तळव्याच्या मध्यभागी असला तर राजयोग, पण तो गुपित ठेवायचा, नाहीतर उतरतो. गावातली माणसं ओसरीवर येऊन पाय पुढं करत. आमच्या काळ्या रानात राबणारे ते पाय. आधी धुवून घ्यावे लागत, आणि निम्मे तीळ त्या धुण्यातच वाहून जात. एकदा एका गड्याच्या तळव्यात तिनं ठसठशीत राजयोग शोधून दिला. तो बिचारा हरखून गेला, चार दिवस कुणाशी नीट बोलेना. पुढच्या आठवड्यात त्या राजयोगाला पू झाला आणि आतून मोडलेला बाभळीचा काटा निघाला. आत्या म्हणाली, गुपित ठेव म्हणलं व्हतं, ह्यानं बायकोला सांगितलं असंल.

तिच्या स्वतःच्या टाचेवर दोन तीळ होते. तिनं पूर्णा जंक्शनच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी हसत लिहितोय, कारण आम्ही त्या वेळीही हसायचोच. मी आणि अक्का. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सातवी पास, आणि जिभेनं माझ्या डिग्रीहून जास्त शिकलेली. आमच्या दोघांच्याही डाव्या पायावर तीळ होता, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, अगदी एकाच जागी. वडिलांच्याही तिथंच होता. घराण्याचा शिक्काच म्हणा. आत्यानं त्या तिळाचं वाचन लहानपणीच करून ठेवलं होतं. माझ्या पायावर त्याचा अर्थ असा, की चार गावचं पाणी पिईल, फिरतीची नोकरी करील, मान मिळवील. अक्काच्या पायावर त्याच तिळाचा अर्थ असा, की पाय उंबऱ्याच्या आत ठरायचा नाही.

मी तेव्हा विचारलं होतं, एकाच तिळाचे दोन अर्थ कसे. आत्या म्हणाली, पुरुषाचा पाय बाहेर पडायलाच असतो. यावर अक्का म्हणाली, “मंग माझ्या पायावरचा भाऊला देऊन टाका, त्याला दोन व्हतील.” आत्यानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि शास्त्रचर्चा संपली.

बहात्तरचा दुष्काळ उलटून दोनेक वर्षं झाली होती. मी परभणीत बी.एस्सी. होऊन मानवतच्या एका हायस्कुलात सायन्सचा मास्तर म्हणून लागलो होतो, टेंपररी. घरी अक्काला स्थळं पाहणं सुरू होतं. आता मुलगी पाहायला येणारे आधी काय पाहतात, हे सांगितलं पाहिजे. तोंड पाहतात असं वाटतं, ते खोटं. तोंड पुरुष पाहतात. बरोबर आलेल्या बायका पाय पाहतात. पण मुलगी पाटावर पाय दुमडून बसलेली, वरून नऊवारीचा घोळ. पाय दिसणार कसे. म्हणून आमच्या भागात एक फार चतुर रीत होती. मुलाकडची एखादी मावशी किंवा काकू कनवटीचा दोरा काढायची आणि लाडानं म्हणायची, जोडव्याचं माप घेऊन ठेवावं म्हणते, पुढं घाई नको. लग्न ठरलेलं नसतं, पसंती झालेली नसते, पण जोडव्याचं माप घेतलं जातं. त्या निमित्तानं पाय हातात येतो. बोटं मोजली जातात, टाच पाहिली जाते, भेगा, कुरूप, तीळ, सगळ्याचा पंचनामा होतो. दोरा नंतर कुठं जातो, देव जाणे. जोडवी काही त्या मापानं कोणी केलेली मी पाहिली नाहीत.

पहिलं स्थळ मानवतकडचं होतं. त्यांच्या काकूनं माप घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिळाकडं तिचं लक्षही गेलं नव्हतं. पण आमची आत्या तिथं बसलेली होती. स्वतःच्या शास्त्रातलं एवढं उत्तम उदाहरण डोळ्यांसमोर असताना समोरची बाई ते न वाचताच उठतेय, हे तिला सहन झालं नाही. विद्वानांचं असंच असतं. ती म्हणाली, डाव्या पायावर असा तीळ लय कमी बायांच्या असतो. काकूनं उठता उठता परत बसून तीळ पाहिला. दोघींची अर्धा तास चर्चा झाली. मंडळी कळवतो म्हणून गेली आणि आठ दिवसांनी मध्यस्थामार्फत कळलं, की मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण पाय घरात ठरायचा नाही असं आमच्याकडच्या बायकांचं म्हणणं पडलं. आत्या रडली. रडता रडता म्हणाली, बघा, मी म्हणलंच व्हतं.

दुसऱ्या स्थळाच्या वेळी आत्याला शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. उपयोग झाला नाही. तिची ख्याती तिच्या आधी पोचलेली होती.

मग आईला कुणीतरी उपाय सांगितला, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तिळावर लावायचा, तीळ झडून जातो. बायका करायच्या हे, चेहऱ्यावरच्या तिळालाही करायच्या. सुट्टीत मी घरी होतो तेव्हा आईनं ते माझ्या कानावर घातलं. इथं मी काय करायला हवं होतं, ते कोणीही सांगेल. मी सायन्सचा मास्तर. मी म्हणायला हवं होतं, की तिळानं काही होत नाही, आत्याला गप्प बसवा. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, चुन्या-सोड्यानं काय होतंय, मी शाळेतून पक्कं औषध आणतो.

माझ्याबरोबर मानवतला खोलीत एक गणिताचे मास्तर राहायचे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या घरातले. मी प्रयोगशाळेतून कॉस्टिक सोड्याचे खडे बाटलीत भरून रुमालात गुंडाळत होतो तेव्हा ते खाटेवर पडून बघत होते. कशाला हे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या बापानं अडाणी असून देव काढून टाकले. तुमी सायन्स शिकून तीळ काढायलाव.” मी हसलो. त्यांच्या बहिणीला तिळावरून नाही, पण रंगावरून दोनदा नाकारलं होतं, आणि नाकारणारे त्यांच्याच समाजातले शिकलेले लोक होते, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. मी त्यावरही हसलो. दुसऱ्याच्या घरचं ऐकलं की आपल्या घरचं जरा बरं वाटतं.

तर मी अंधश्रद्धेला प्रयोगशाळेची जोड दिली. दुपारची वेळ होती. मागच्या अंगणात अक्का उंबराच्या सावलीत पाटावर बसली, डावा पाय पुढं करून. मी बाटलीतले खडे थोड्या पाण्यात विरवले, खराट्याची काडी घेतली, आणि नववीच्या वर्गासमोर उभा असल्यासारखा आव आणला. तिनं विचारलं, दुखंल का. मी म्हणालो, थोडं चुरचुरेल. तिनं पदराचा शेव दातांत धरला. मी काडीनं औषध तिळावर लावलं. मला वाटलं होतं, ते जितका जास्त वेळ राहील तितका तीळ मुळापासून जाईल. जळजळ चुरचुरीच्या पुढं गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पदर दातांत असल्यामुळं आवाज नव्हता. मी तिला धीर दिला. म्हणालो, असर व्हायलाय. आणि आणखी थोडं लावलं.

पाण्याचा तांब्या मी ओतला तेव्हा फार उशीर झाला होता.

पाय घोट्यापर्यंत सुजला. आत्यानं त्यावर आपला पाला बांधला, आईनं तेल लावलं, मी काहीच केलं नाही, कारण सुट्टी संपली आणि मी मानवतला निघून गेलो. वडिलांनी गावात सांगितलं, मुरगळलाय. ज्वारीची सगळी काढणी अक्का लंगडत होती. पुढं खपली धरली, खपली पडली, आणि तीळ खरोखरच गेला. त्याच्या जागी चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा डाग आला. साधा पांढरा नाही. सावळ्या पायावर दुधाचा थेंब सांडून तिथंच वाळावा तसा.

आमच्या घरातल्या कुणालाच त्या डागाचं काही वाटलं नाही, ही आमच्या शहाणपणाची कमाल. आम्ही तीळ गेल्याच्या आनंदात होतो. आईनं गूळ वाटला. आत्यानंही पाय हातात घेऊन तपासला आणि निर्वाळा दिला, की आता कोरा पाय झाला, कोऱ्या पायाला कोण नाव ठेवील.

तिसरं स्थळ परभणीचं. मुलगा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. मुलगा आणि त्याची मावशी, त्याचे मामा, आणखी दोघेचौघे आले. मामांची आमच्या हेडमास्तरांशी चांगली ओळख आहे, हे त्यांनी आल्या आल्या मला सांगितलं. मावशी अक्काला म्हणाली, जरा चालून दाखव बाई. अक्का उठायला लागली तेव्हा तो मुलगा खाली बघूनच म्हणाला, “राहू दे मावशे, आपण काय बैल घ्यायला आलोत का.” सगळे हसले. अक्काही हसली, पटकन, आणि लगेच मान खाली घातली. एवढंच. पण आधीची स्थळं निघून गेली की ती काही झालंच नाही अशी जेवायला बसायची. त्या दिवशी पाणी आणायला आत जाताना तिनं आईला हळूच विचारलं, किती वेळ थांबणार हाईत हे लोक. तिला ते थांबायला हवे होते. मला तेव्हाही कळलं होतं.

अक्का परत येऊन पाटावर बसली, मग मावशीनं दोरा काढला.

अक्कानं पाय पुढं केला. मावशी वाकली. दोरा बोटाला वेढायचा राहिला. तिनं अंगठ्यानं तो डाग चोळला, एकदा, परत एकदा, लागलेलं काही पुसून निघतंय का पाहावं तसा. मग बरोबरच्या बाईला खुणेनं बोलावलं. बैठकीतलं बोलणं हळूहळू थांबलं. वडील घाईनं म्हणाले, लहानपणी विस्तवावर पाय पडला व्हता तिचा. मावशी म्हणाली, विस्तवाचा डाग असा दुधावानी ऱ्हातो व्हय. कोड हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो उच्चारायची गरजच नसते, तो खोलीत येऊन बसतो.

रीत अशी की मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं, स्वयंपाकातलं काय येतं ते सांगायचं. पायावरचा डाग कुठून आला हे सांगायची रीत नव्हती. अक्कानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.

मामा माझ्याकडं वळले. ते माझ्याहून मोठे, पण मला अहो-जाहो करत होते. म्हणाले, “गुरुजी, तुमी सायन्सचे. तुमीच सांगा, हे काय हाय.”

एवढी सोपी परीक्षा मला आयुष्यात कुणी घातली नाही. उत्तर माझ्या हातानंच तिथं लिहिलेलं होतं. मी म्हणायचं होतं, तिथं तीळ होता, मी तो औषधानं जाळला, हा त्याचा व्रण आहे. मुलगा ते ऐकून कदाचित हसला असता. बैलाबद्दल तो जे बोलला त्यावरून मला वाटतं, हसलाच असता. पण मला त्या क्षणी काय दिसलं, ते सांगतो. मला हेडमास्तर दिसले. मामा त्यांना भेटणार, सांगणार, की तुमचे सायन्सचे मास्तर शाळेतला कॉस्टिक सोडा घरी नेऊन बहिणीच्या पायाला लावतात. मला स्टाफरूम हसताना दिसली. माझी टेंपररी नोकरी दिसली. अक्का समोर बसलेली होती, ती तेवढी दिसली नाही.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, “नक्की सांगता येणार नाही. एकदा डॉक्टरला दाखवून घ्यावं.”

शुद्ध भाषेत म्हणालो. शिकलेला माणूस खोटं बोलताना शुद्ध बोलतो. आणि खोटं तरी काय होतं त्यात, डॉक्टरला दाखवायचा सल्ला कुणी वाईट म्हणेल का. घरचाच भाऊ, वर सायन्सचा मास्तर, डॉक्टरचं नाव घेतो म्हटल्यावर राहिलं काय. मंडळींनी चहा घेतला, अर्धे कप तसेच ठेवले, आणि उठली. मुलगा जाताना दारात थोडा घुटमळला. मला वाटलं, काही विचारतोय. त्याला विचारता येऊ नये म्हणून मी बैलगाडीचं जू धरायला पुढं गेलो.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या दारात एकही पाहुणा आला नाही. ताडकळसच्या बाजारात, मानवतच्या धान्याच्या मोंढ्यात, पूर्णेच्या फलाटावर, सगळीकडं आमच्या घरातलं कोड आमच्या आधी पोचलेलं असायचं, आणि जाईल तिथं मोठं व्हायचं. चार आण्याचा डाग गुडघ्यापर्यंत चढला, मग आईच्या अंगावर आला, मग मेलेल्या आजोबांच्याही अंगावर निघाला. कुणी शहाण्या बाईनं आईच्या तोंडावर सांगितलं, पांढऱ्या पायाची म्हणतात ती ही. आत्या पहिल्यांदाच गप्प होती. डागाचं वाचन तिच्या शास्त्रात नव्हतं.

मला त्या दोन वर्षांत संधी नव्हती असं नाही. शाळेच्या कामासाठी मला अधूनमधून परभणीला जावं लागे. पाटबंधाऱ्याची कचेरी स्टँडपासून लांब नव्हती. एकदा मी तिच्या समोरच्या हॉटेलात बसून चहा घेतला. तो मुलगा दुपारच्या सुट्टीत बाहेर आला, सायकलीला टेकून पान खाल्लं, परत आत गेला. मी दुसरा चहा मागवला. मनात म्हणालो, अजून लग्न जमलेलं दिसत नाही याचं, पुढच्या खेपेला बोलू. पुढच्या खेपेला मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

मग माझ्या लग्नाची वेळ आली. बहिणीचं जमत नाही म्हणून मुलाचं लग्न आणखी थांबवण्याची पद्धत नाही. पूर्णेचं स्थळ होतं. मुलीचे वडील रेल्वेत. आधी आम्ही मुलगी पाहून आलो. तिथं माझे पाय कुणी पाहिले नाहीत, अर्थातच. मुलाच्या पायात बूट असतात. आमच्याकडून आई आणि आत्या गेल्या होत्या. आत्यानं कनवटीचा दोरा काढला आणि जोडव्याचं माप घेतलं. मी तिथं बसलो होतो. आता लिहिताना सगळ्यात जड हेच जातंय, की मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाय बिनतिळाचे निघाले, हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं.

नंतर मुलीचे वडील आमचं घर पाहायला आले. पोहे झाले, पाऊसपाण्याचं झालं, आणि मग त्यांनी चष्मा पुसत पुसत विषय काढला. म्हणाले, आमच्या कानावर काही आलंय, मुलगी द्यायची म्हणल्यावर इचारावं लागतं, राग मानू नका, घराण्यात कोड हाय म्हणतात.

वडील विस्तवाची गोष्ट सांगायला तोंड उघडत होते. मी त्यांना थांबवलं, आणि बोललो.

काय बोललो मी त्या दिवशी! तसा तास मी शाळेत कधी घेतला नसेल. तीळ म्हणजे काय, कातडीला रंग कशानं येतो, कॉस्टिक सोडा कातडीचं काय करतो, व्रण पांढरा का राहतो, कोड आणि व्रण यांत फरक काय, कोड पसरतं आणि हा डाग जसा होता तसाच आहे. मी शाळेतून बाटली आणल्याचंही सांगितलं. एव्हाना नोकरी पर्मनंट झाली होती. पुरावा म्हणून डाव्या पायातला मोजा काढला, आणि माझ्या डाव्या पायावरचा तीळ त्यांना दाखवला. म्हणालो, असाच, याच जागी होता. आणि एवढ्यावरही माझं समाधान झालं नाही. अक्का चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, अक्का, जरा इकडं ये, पाय दाखव.

तिनं ताट खाली ठेवलं. जवळ आली. लुगड्याचा काठ बोटभर वर धरला आणि डावा पाय माझ्या पायाशेजारी सतरंजीवर ठेवला. बहीण-भावाचे दोन पाय, सारखेच रुंद, सारखीच वाकडी करंगळी. एकावर शाईचा ठिपका आणि दुसऱ्यावर तोच ठिपका खोडलेला. होणारे सासरे चष्मा लावून वाकले. इकडून तिकडं, तिकडून इकडं पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाले, खरं हाय. आणि खूश होऊन माझ्या तिळाकडं बोट करत म्हणाले, पुरुषाला इथं असला म्हणजे बढती असती. आतून आत्याचा आवाज आला, बढती हायच. लग्न ठरलं.

मी पाणी प्यायला आत गेलो. अक्का मोरीवर बसून राखेनं कप घासत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

“तवा बी एवढंच बोलायचं व्हतं,” ती म्हणाली.

मी तांब्या तोंडाला लावला. बराच वेळ पाणी प्यालो.

एकदा खरं सुटलं म्हणजे ते खोट्याइतक्याच वेगानं पळतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या लग्नाच्या पंगतीतच निम्म्या पाहुण्यांना माहीत झालं होतं, की ते कोड नव्हतंच. परभणीच्या त्या मावशीचाही निरोप आला, की आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, पोरगी आमच्या पोराला पसंत व्हती. मुलाचं लग्न तोवर होऊन गेलं होतं, आणि घरात पाळणाही हलला होता. आईनं हा निरोप अक्कापासून लपवायचा प्रयत्न केला, पण आमच्या घरात लपवाछपवीची जबाबदारी आत्याकडं असायची. अक्कानं तो शांतपणे ऐकला आणि धान्य निवडायला बसली.

मग परत स्थळं यायला लागली. बिजवर, पण बरी. वडील म्हणाले, रविवारी पाहुणे येणार हाईत, तयार ऱ्हा. अक्का म्हणाली, मी बसणार न्हाई. वडिलांना आधी कळलंच नाही. त्यांनी परत सांगितलं. तेव्हा ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, “ज्याला पाय बघायचे असतील त्याला भाऊचे दाखवा. त्याला दाखवायची सवय झालीय आता.”

वडील चिडले, आई रडली, माझी नवी बायको माझ्याकडं बघत राहिली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. पान उलटलं.

पुढच्या वर्षी परभणीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला सातवी पास मुलींचे अर्ज घ्यायला लागले, तेव्हा अक्कानं परस्पर अर्ज केला. कसा, कुणाच्या मदतीनं, ते आम्हाला कळलं नाही. माझ्या मदतीनं नाही एवढं नक्की. वडील आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आत्या मात्र विजयी होती. घरोघर जाऊन सांगत होती, तीळ जाळला तरी गुण जात न्हाई, म्हणलं नव्हतं का, पाय उंबऱ्यात ठरायचा न्हाई. तिच्या शास्त्राला एवढं ढळढळीत यश कधी मिळालं नव्हतं. गावानं ते मान्य केलं. अक्काला ज्यांनी उंबऱ्याबाहेर ढकललं त्यात आम्ही सगळे होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळा दोष तिळाच्या खात्यावर गेला, आम्ही सुटलो.

तिला ताडकळसच्या स्टँडवर सोडायला मी गेलो. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. परभणीची एस.टी. भरलेलीच आली. मी तिची पत्र्याची पेटी टपावर चढवली, आत घुसलो, खिडकीची जागा धरली आणि तिला बसवलं. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. थोडा वेळ होता. मी सीटच्या दांडीला धरून उभा राहिलो. येताना बैलगाडीत सगळा रस्ता मी एकच वाक्य जुळवत आलो होतो. म्हणालो, अक्का, त्या दिवशी परभणीची मंडळी आली होती तेव्हा मी...

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पेशंटकडं पाहतात तसं, असं आता वाटतं. तेव्हा ती नर्स झालेलीही नव्हती. वाक्य संपायची तिनं वाट पाहिली. मला वाटतं, बरीच पाहिली. मी पुढचा शब्द काढला नाही. कंडक्टरनं घंटी दिली.

“गाडी सुटायलीय,” ती म्हणाली. “उतर खाली.”

मी उतरलो. गाडी वळणापर्यंत दिसत होती, मी हात हलवत होतो, तिनं खिडकीतून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं असं मी बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, आईच्या शेवटच्या आजारात तिलाही सांगितलं. कुणाला सांगितलं नाही ते हे: धूळ खाली बसली तेव्हा मला मोकळं वाटत होतं. मी टपरीवर गेलो, ड्रायव्हरनं नुकत्याच रिकाम्या केलेल्या बाकड्यावर बसलो, आणि स्पेशल चहा सांगितला.